पट्टा चालू आहे

लाल दोरी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेली, म्हणजे कधीकाळी ताणलेली. कामगार तिच्यावर हातमोजे वाळत घालतात.

टक... टक... टक. झोपलेली. टकटकटकटक. चालणारी.

"वन्सं, मॅडमच्या चहात साखर किती घालू? गोड बातमी हवी असेल तर हात सैल सोडते."

नकाशावर मान इतकी बारीक, की पेन्सिलीला टोक काढलेलं नसेल तर रेघेखालीच ती नाहीशी होते.

पट्टा कमरेचा. पट्टा कुत्र्याच्या गळ्यातला. पट्टा गिरणीचा. पट्टा जमिनीचा. एवढी मोठी भाषा, आणि एवढ्या सगळ्यांत मिळून शब्द एकच.

जीपच्या बॉनेटवर एक उकडलेलं अंडं. सोललेलं, अर्धं खाल्लेलं, मुंग्यांना अजून न कळलेलं.

*

घरातलं शेंडेफळ आता चाळिशीला टेकलं होतं. कानामागे पांढरं डोकावत होतं, चष्मा लागला होता, हाताखाली माणसं होती. तरी दादाच्या तोंडी ती शेंडेफळच, आणि दादाच्या तोंडी जे नाव तेच सगळ्या परिसराच्या तोंडी. डोंगरावरच्या राष्ट्रीय उद्यानात अस्वलांच्या मागावर राहणं ही तिची नोकरी. दादाचा धंदा डोंगराच्या पायथ्याशी, खडी फोडण्याचा. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "सासूबाईंनी दोघांना एकच डोंगर वाटून दिलाय. वरचा लेकीला राखायला, खालचा लेकाला फोडायला."

वर उद्यान, खाली नदीकाठचं रान, आणि दोहोंना जोडणारी ही मान. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला हमरस्ता आणि वस्ती, मधे एवढीशी झाडोऱ्याची पट्टी. थंडी पडायच्या आत अस्वलांना नदीकाठची फळं आणि पाणी गाठायला खाली उतरावं लागतं. उतरायला वाट एकच, मानेवरून.

आणि मानेवर आडवा पडलेला दादाचा पट्टा. खाणीतले दगड उचलून क्रशरच्या जबड्यात नेऊन ओतणारा, गुडघ्याएवढ्या उंचीचा, काळा, रबरी. अस्वलाला तो ओलांडणं काहीच नव्हतं. पण त्याची धडधड ऐकून जवळ येण्याची कुणाची छाती होत नव्हती. पट्टा बसला तेव्हापासून एकही अस्वल मानेवरून खाली गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांनीही नाही. त्यांना दिसायची ती उद्यानाच्या जीपवरच्या ड्रायव्हरकाकांची पाठ, नाहीतर हातमोजे वाळत घालणारा कामगार.

उद्यानाचा नकाशा नव्याने होत होता. ज्या वाटेने जनावर जात नाही ती वाट कशाला राखायची, असं वरच्या साहेबांचं म्हणणं. नकाशाच्या मॅडम आज दादाच्या केबिनमध्ये येणार होत्या आणि एकाच प्रश्नाचं उत्तर घेऊन जाणार होत्या. मानेवरचा हा जंगलाचा पट्टा चालू आहे की बंद? बंद असेल तर मान नकाशातून पुसली जाणार. आणि पुसली की दादाची खाण तिथवर येणार. त्याने अर्ज टाकला होता. चोरून नाही, बहिणीच्या तोंडावर सांगून.

"तुझं अस्वल येत असेल तर आत्ता मागे घेतो," तो म्हणाला होता. "येतच नाही, त्याला मी काय करू?"

"दारात ढोल बडवायचे आणि पाहुणे येत नाहीत म्हणायचं."

"माझ्या ढोलावर चाळीस घरं जेवतात, शेंडे."

"माझ्या पाहुण्यांना दुसरं दार नाही, दादा."

वहिनीने भांडी आवाज करत घासली आणि विषय संपला.

*

आता चूक. ती कळली म्हणजे पुढचं सगळं कळलं.

शेंडेफळाने एका अस्वलिणीच्या गळ्यात पट्टा घातलेला होता. त्यातून येणारे ठोके अँटेना धरली की ऐकू येतात. अस्वलीण पडून असेल तर सावकाश, चालती असेल तर भरभर. तिच्याबरोबर यंदा दोन पिल्लं होती आणि गेल्या आठवड्यापासून ती मानेच्या वरच्या तोंडाशी येऊन बसत होती. बसायची, धडधड ऐकायची, परत जायची.

म्हणून शेंडेफळाने वहिनीला गाठलं. केबिनमधलं बटण वहिनीच्या हाताशी, वॉकीटॉकीही तिच्याकडेच. ठरलं असं: शेंडेफळ वरून "पट्टा सुरू" म्हणाली, की समजायचं गळ्यातला पट्टा भरभर वाजायला लागला, बाईसाहेब उठल्या. मग वहिनीने खालचा पट्टा बंद ठेवायचा, कुणी काही म्हणो.

"आणि यांनी विचारलं तर?"

"सांग, मोटर तापली."

"मोटर नाही तापणार, हेच तापतील. चालेल, सवय आहे."

हे झालं एक.

दुसरं आज सकाळी. मॅडमचा निरोप आला, की पट्ट्याचा आवाज डोंगरावर किती पोचतो तेही मोजून हवं. शेंडेफळ घाईत होती. एक पाय जीपमध्ये, एक जमिनीवर. दादा फाटकाशी उभा. ती म्हणाली, "दादा, मॅडम आल्या की तुझा पट्टा बंद ठेव, बोलणं ऐकू येऊ दे. मी वर आवाजाचं मीटर लावते. लावून झालं की तुला सांगते, मग पट्टा सुरू कर."

"सुरू कर म्हणालीस की करतो. एवढंच ना?"

"एवढंच."

ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. इथे तेवढीही गरज पडली नाही.

*

दुपार कलली. खाली केबिनसमोर मॅडमची गाडी उभी राहिलेली वरून दिसली. पट्टा गप्प होता. तो गप्प झाल्यावर कळलं, की या डोंगराला किती आवाज आहेत. पानांचा होता, कुठल्यातरी पाखराच्या भांडणाचा होता, ड्रायव्हरकाकांच्या चावण्याचा होता.

"काका, हळू चावा."

"अंडं आहे ताई. अंडं चावायला आवाज येत नाही."

"तुमचा येतो."

काका अर्धं अंडं हातात धरून तसेच थांबले. शेंडेफळाने मीटर अजून खोक्यातून काढलंही नव्हतं, कारण अँटेनाच खाली ठेववत नव्हती. टक... टक... टक. समोरच्या करवंदीच्या जाळ्यांपलीकडे, मानेच्या वरच्या तोंडाशी, अस्वलीण बसलेली होती. दिसत नव्हती. पण होती.

टक... टक.

टक. टक. टक.

टकटकटकटकटकटक.

काकांनी अंडं बॉनेटवर ठेवलं. जाळी हलली, आणि मग जाळीचाच एक काळा तुकडा सुटून चालायला लागला. मागे एक लहान तुकडा. त्याच्या मागे आणखी लहान, वाटेतल्या प्रत्येक दगडाची चौकशी करत येणारा.

खाली जात होती. मानेवरून. मॅडम खिडकीत बसलेल्या असताना.

शेंडेफळाने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. आवाज तिने दाबून धरला.

"पट्टा सुरू. ऐकतेयस ना? पट्टा सुरू."

खरखर झाली. मग आवाज आला. वहिनीचा नाही.

"करतो, करतो. ओरडू नकोस," दादा म्हणाला. "तुझी वहिनी नळावर कप विसळतेय."

*

"दादा. नको. तो नाही. दादा?"

खरखर.

"दादा, गळ्यातला. मी गळ्यातला म्हणत होते."

भोंगा वाजला. दादाचा नियमच तो. सुरू करण्याआधी भोंगा, म्हणजे कुणाचा हात आत राहू नये.

*

त्या क्षणी अस्वलीण पट्ट्याच्या पलीकडे उतरलेली होती. थोरलं पिल्लू तिच्या पोटाखाली. धाकटं पट्ट्यावर, दगडांच्या मधे बूड टेकून, रबराचा वास घेत बसलेलं. भोंग्याने ते जागीच गोळा झालं. आणि त्याच्या खालची जमीन चालायला लागली.

जबड्याच्या दिशेने.

शेंडेफळ धावली. ती धावली म्हणजे उतारावरून घरंगळली म्हटलं तरी चालेल, एका हातात अँटेना, ती कुठेतरी झुडपात अडकून राहिली, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी आणि तोंडाने एकच घोष, पट्टा बंद, पट्टा बंद, चष्मा नाकावरून घसरून एका कानाला लोंबतोय, मागून काका "ताई, अस्वल आहे तिकडे" असं सांगतायत, जणू तिला हे नव्यानेच कळायचं होतं, खाली पट्ट्याची धडधड चालूच, आणि पलीकडच्या अंगाने ती अस्वलीण, जिला तिने इतकी वर्षं झोपलेली नाहीतर सावकाश चालणारीच पाहिली होती, ती पट्ट्याला समांतर धावतेय, पिल्लाच्या बरोबरीने, थोरलं मागे पडतंय, पडून उठतंय, आणि पट्ट्यावर ते धाकटं उभंही राहत नाही, उडीही मारत नाही, नुसतं आईकडे तोंड करून बसलंय, एखाद्याला बसमध्ये बसवून द्यावं आणि पोचवायला आलेला माणूस खालून पळावा तसं.

पुढे क्रशरचा जबडा. दोन पोलादी ओठ, मिटतायत, उघडतायत.

लाल दोरी तिच्या हाताला लागली. ओढली की पट्टा जागच्या जागी थांबतो, असं दादाने तिला पट्टा बसवला त्याच दिवशी दाखवलं होतं. तिने ओढली.

दोरी आली. मुकाट्याने आली, हातभर आली, आणखी आली. वर्षानुवर्षं हातमोजे वाळत घालून तिचा ताण गेलेला. पट्टा आपला चालतोच. तिने पाय रोवले आणि विहिरीतून पोहरा शेंदावा तशी दोरी शेंदायला लागली. हातमोजे एकेक करून येऊन बोटांवर आपटत होते. ढीग पायाशी पडत होता. तळव्यांची साल निघत होती ते नंतर कळलं.

मग दोरी कुठेतरी आत, खोल, एकदाची ताठ झाली.

ठक्.

पट्टा थांबला. जबडा मात्र थांबला नाही, त्याची मोटर वेगळी. तो रिकामाच चावत राहिला, आणि त्याच्या तोंडाशी, हात लांब केला तर पोचेल इतक्यावर, ते पिल्लू.

केबिनच्या दारात कप फुटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ जबडाही बंद पडला. वहिनीने विसळलेल्या कपांचा ट्रे सोडला होता आणि जबड्याचं बटण दाबलं होतं. नेमकं त्याच क्रमाने.

*

तेच, केबिनमधून.

मॅडम खिडकीशी. त्यांचा कारकून टेबलाशी, टिपण घेत. तो ऐकलेला प्रत्येक शब्द लिहितो आणि न ऐकलेला एकही लिहीत नाही, अशी त्याची ख्याती. दादा भोंगा वाजवून, पट्टा आणि जबडा दोन्हींची बटणं दाबून, अभिमानाने बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलेला, पाहुण्यांना यंत्र दाखवायला. वॉकीटॉकी टेबलावर, साखरेच्या डब्याजवळ. तिच्यातून काहीतरी ओरडा येत होता. धडधडीत तो फक्त कारकुनाला ऐकू गेला. त्याने लिहून घेतला.

खिडकीबाहेर, जबड्यापाशी पट्टा चढून छातीएवढा उंच होतो तिथे, अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली. पुढचे दोन्ही पंजे तिने थांबलेल्या पट्ट्यावर ठेवले, दुकानाच्या काउंटरवर ठेवावेत तसे. मान लांबवली, धाकट्याचं मानगूट तोंडात धरलं, खाली ठेवलं, आणि एक चापट दिली. खरोखर दिली. मग तिघं वळली. समोर खडीचा भलामोठा ढीग होता, त्याला वळसा घालायचं तिच्या मनात आलं नाही. ती सरळ वर चढली. खडी घसरली, पिल्लं घसरली, पुन्हा चढली. ढिगाच्या माथ्यावर तिघं क्षणभर आभाळावर काढल्यासारखी दिसली, आणि पलीकडे नदीच्या रानात उतरली.

मॅडमच्या हातातली बशी कपासकट तिरकी झालेली आणि चहा त्यांच्या चपलेवर ठिबकत होता.

*

शेंडेफळ दारात पोचली तेव्हा तिच्या गळ्यात लाल दोरीचं एक वेटोळं होतं आणि खांद्यावर कुणाचातरी हातमोजा. छाती भात्यासारखी चाललेली. तिला बोलायचं होतं, पण आधी श्वासाचा नंबर होता.

मॅडमनी कप खाली ठेवला. आल्या कामाचं भान त्यांना सुटलं नव्हतं. "बरं. उत्तर लिहून न्यायचंय. हा पट्टा चालू की बंद?"

"लिहिलंय मॅडम," कारकून म्हणाला. "बंद."

"बंद? कुणी सांगितलं?"

"ताईंनीच. वायरलेसवरून. बऱ्याच वेळा सांगितलं."

शेंडेफळाने तोंड उघडलं. आवाज फुटेना. तिने दोन्ही हात नाही नाही असे हलवले, आणि सोललेले तळवे पाहून वहिनी "अगं बाई" म्हणत फडकं शोधायला धावली. नकाशा टेबलावर उघडा. मान त्याच्यावर दोऱ्याएवढी. कारकुनाचं पेन कागदावर टेकलेलं. सगळ्या डोंगराचं भांडण त्या एका शब्दावर येऊन बसलं होतं, आणि ज्या एका माणसाने तो खोडायला हवा त्याला दम लागला होता.

दादा ओट्यावरून आत आला. त्याचा चेहरा खडीच्या धुळीने नेहमीच पांढरा असायचा, आज धुळीखालूनही पांढरा होता. त्याने बहिणीकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, मग कारकुनाजवळ जाऊन उभा राहिला.

"खोडा ते."

"अहो, पण त्या स्वतः..."

"ती आमच्या पट्ट्याबद्दल बोलत होती. आमचा बंद आहे. यांचा चालू आहे."

"यांचा म्हणजे कुणाचा?"

दादाने खिडकीकडे बोट केलं. खडीच्या ढिगावर तीन चऱ्या पडल्या होत्या, एक रुंद, दोन अरुंद, माथ्यापर्यंत गेलेल्या. "आत्ता गेली ना तिघं, त्यांचा. तुम्ही बघितलंत, मी बघितलं. तुमच्या चपलेनेही बघितलं."

मॅडम चपलेकडे पाहून हसल्या. पण कारकुनाचं पेन थांबवून म्हणाल्या, "या जागेसाठी तुमचा अर्ज आहे ना?"

"होता."

"अहो?" वहिनी फडकं हातात धरून तशीच उभी राहिली.

"होता म्हटलं ना."

कारकुनाने 'बंद' वर आडवी रेघ मारली, सरळ यावी म्हणून पट्टी लावून मारली. वर लिहिलं, चालू.

तेव्हा कुठे शेंडेफळाच्या घशातून आवाज निघाला, आणि निघाला तो रडवेला. "दादा, मग दगड?"

"दगडाला काय तोटा? खाणीत संपले तर आमच्या डोक्यात आहेत." तो खुर्चीत बसला. बसला तो धाडकन, पण ऐट अशी की बसायचंच होतं. "खाण कड्याच्या मागल्या अंगाने नेऊ. महाग पडेल. पडू दे. आणि हा पट्टा वर उचलायचा. खांब घालून, उंच. आवाजाला झाकण घालायचं. खालून हत्ती गेला पाहिजे."

"हत्ती कुठून आणणार?" वहिनीने विचारलं.

"वन्सं आणतील तुझ्या."

"तू सुरू का केलास पण?" शेंडेफळ आता भांडायच्या आवाजावर आली होती, म्हणजे ठीक होती.

"तूच म्हणालीस, पट्टा सुरू."

"मी तिच्या गळ्यातला म्हणत होते."

"मला काय स्वप्न पडलं? सकाळी फाटकात मला काय सांगितलंस, आठव."

तिने आठवलं. मग वहिनीकडे पाहिलं. वहिनीला काय सांगितलं होतं तेही आठवलं. ती मटकन जमिनीवर बसली, फुटलेल्या कपांच्या शेजारी, आणि हसायला लागली. हसणं थांबेना. वहिनी तिचे तळवे पुसत होती, ते झोंबत होतं आणि तरी थांबेना. मॅडम हसल्या, दादा हसला. कारकुनाने हे लिहू का, असं विचारलं.

"एक ठरवू," दादा डोळे पुसत म्हणाला. "तिच्या गळ्यातल्याला यापुढे हार म्हणायचं."

"बरं. आणि तुझ्याला?"

"माझ्याला पूल म्हण. तो आता वर चाललाय."

"मग पट्टा कशाला म्हणायचं?"

दादा नकाशावर वाकला. बोट जाड, मान बारीक, त्यामुळे त्याला नखाने दाखवावी लागली. "पट्टा हा."

बाहेर ड्रायव्हरकाका अँटेना घेऊन उतरले होते. तिची एक काडी वाकली होती, पण त्यांनी ती उगाच नदीच्या दिशेने धरली आणि आवाज मोठा केला. खालच्या रानातून, लांबून, न दमता: टकटकटकटकटक. आत सगळे खिडकीशी जमून ऐकत राहिले.

"ताई," काका खिडकीतून म्हणाले, "माझं अंडं मुंग्यांनी नेलं."

*

गळ्यात पट्टा घालायला अस्वलिणीला पहिल्यांदा गुंगीचं औषध दिलं त्या हिवाळ्यात उद्यानाचं स्ट्रेचर तिला पुरलं नव्हतं, तेव्हा दादाने क्रशरच्या जुन्या रबरी पट्ट्याचा एक तुकडा कापून दिला होता आणि तिला त्यावर घालून उचललं होतं.